पलंगाचा उतार: व्हेंटिलेटरवरची लेकरं आणि न्यूमोनिया

मी किनवटचा. कोड लिहून पोट भरतो, डॉक्टर नाही. गेल्या वर्षी ताईचं आठ महिन्यांचं बाळ न्यूमोनियामुळे नांदेडला व्हेंटिलेटरवर होतं. पलंग डोक्याकडून उंच केलेला. आई म्हणाली, "लेकरू अवघडलंय, जरा सपाट करा की." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मुद्दाम ठेवलंय तसं." का, ते मी नंतर शोधलं.

1952, कोपनहेगन. पोलिओची साथ. श्वास बंद पडत चाललेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने नळी बसवून घेतली आणि हाताने फुगा दाबून हवा दिली. मुलगी वाचली. पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने असे फुगे दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली.

पण नळी श्वास देते तशी जंतूंना वाटही देते. पेशंटला नीट खोकता येत नाही. तोंडातली लाळ, पोटातून वर आलेलं पातळ नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपतं. नळी घातल्यावर 48 तास उलटून न्यूमोनिया झाला, तर संशय व्हेंटिलेटरवर जातो.

1999 मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी मोठ्या पेशंटांवर साधा प्रयोग छापला. सपाट झोपवलेल्यांपैकी 34 टक्क्यांत असा न्यूमोनिया दिसला, डोकं उंच ठेवलेल्यांपैकी 8 टक्क्यांत. पुढे यादी वाढली: हात धुणं, तोंड स्वच्छ ठेवणं, नळ्यांत साचलेलं पाणी काढणं, आणि रोज विचारणं, "आज नळी काढता येईल का?" मुलांच्या आयसीयूतही हीच यादी थोड्या फरकाने आली. यात महागडं काहीच नाही. फक्त एकही पाळी चुकवायची नाही.

आणि सगळ्यात चांगला बचाव कोणता? व्हेंटिलेटरची वेळच न येणं. तो धडा आपल्याच महाराष्ट्रातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना बाळाचे श्वास मोजून गावातच औषध द्यायला शिकवलं. 1990 मध्ये आकडे छापून आले: न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांत हजारी 17.5, या गावांत 8.1.

आमचं बाळ पाचव्या दिवशी मशीनवरून निघालं. पण किनवटहून निघायलाच आम्ही दोन दिवस उशीर केला होता. धाप दिसत होती, मोजली कुणीच नव्हती. वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 50 श्वास झाले की थांबायचं नसतं, दोन महिन्यांच्या आत 60. आता ताप आला की ताई आधी मोबाईलवर टायमर लावते. पूर्ण एक मिनिट.