लंडन ते पॅरिस : अडीच तासांचा एक तास कसा झाला?

वाचकहो, लंडन ते पॅरिस हे अंतर सरळ रेघेनं मोजलं तर भरतं सुमारे २१५ मैल, म्हणजे ३४५ किलोमीटर. आज हीथ्रोवरून उडालेलं विमान शार्ल द गोल विमानतळावर तासाभराच्या आत उतरू शकतं. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास आकडा दिसेल. कारण जमिनीवर इकडून तिकडे सरकण्याचा वेळही त्यात धरावा लागतो.

आता शंभराहून अधिक वर्षं मागे चला. तारीख २५ ऑगस्ट १९१९. महायुद्ध थांबून वर्षही झालेलं नव्हतं. आजच्या हीथ्रोजवळच्याच हाउन्स्लो हीथ या माळावरून एक लहानसं विमान पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाकडे निघालं. मूळची जात बाँबफेकी विमानाची. उतारूंसाठी त्यावर झाकण बसवलेलं, एवढंच. वैमानिक बिल लॉफर्ड. उतारू एकच, आणि तोही वार्ताहर! बाकी सामान काय म्हणाल, तर वर्तमानपत्रं, कातडी, डेव्हनशरची साय आणि शिकारीचे पक्षी. भाडं २१ पौंड. वेळ लागला सुमारे अडीच तास. रोजच्या आंतरराष्ट्रीय उतारू-विमानसेवेचा आरंभ इथूनच धरतात.

पण वाट कशी सापडायची? अहो, खाली बघून! रस्ता नाहीतर रूळ दिसला की त्याच्यावरून जायचं. हवा स्वच्छ असली तर ठीक. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सात धुकं दाटलं होतं. टपाल घेऊन पॅरिसकडे निघालेलं ब्रिटिश विमान आणि उतारू घेऊन लंडनकडे निघालेलं फ्रेंच विमान, दोघंही एकाच रस्त्याच्या आधारानं समोरासमोर आली आणि आदळली. दोन्हींतले मिळून सातही जण गेले. उतारू विमानांची आकाशातली ही पहिलीच टक्कर.

त्यानंतर जाणती मंडळी एकत्र बसली. उजवी बाजू धरावी, मार्ग ठरवून घ्यावेत, विमानात बिनतारी यंत्र असावं, असा आग्रह सुरू झाला. याच मार्गावर फ्रेंच नि इंग्रज वैमानिकांना सारखाच कळेल असा संकटाचा शब्द हवा होता. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरल्या फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला : ‘मेडे’. फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांशी जुळणारा. आज तो जगभर चालतो.

तेव्हा अडीच तासांचा एक तास झाला, याचं श्रेय एकट्या इंजिनाला देऊ नका. धुक्यातही वेळेवर आणि सुखरूप पोचणं हे नियमांचं काम आहे, आणि ते नियम माणसं गमावून शिकलेले आहेत. पुढच्या वेळी विमान धावपट्टीपाशी खोळंबलं, तर घड्याळाकडे बघून चिडण्याआधी त्या सात जणांची आठवण करा.