कोलोरॅडोकाठची राई

रॉकी पर्वतांच्या बर्फातून निघालेली कोलोरॅडो नदी सोनोराच्या वाळवंटातून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे चढतो. तरीही नदीकाठी कॉटनवूड आणि विलोची दाट राई असे. विलो माशीमार आणि पिवळ्या चोचीची कोकिळा हे पक्षी हिवाळा दक्षिणेत काढून विणीसाठी या राईत येत. ओलसर सावली आणि पिलांना पुरतील इतके किडे त्यांना येथेच मिळत.

ही राई पुरावर जगे. वसंताच्या अखेरीस बर्फ वितळून पूर चढे, काठावर गाळ पसरे आणि त्याच सुमारास कॉटनवूडचे बी उडे. ते जेमतेम काही आठवडे तग धरते. तेवढ्यात ओली, उघडी माती मिळाली आणि नंतर पाणी हळूहळू ओसरले, तरच रोपाची मुळे ओलाव्यामागोमाग खोल उतरतात.

१९२२ साली निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड यांनी नदीच्या त्रिभुज प्रदेशात हिरवी तळी आणि पक्ष्यांचे थवे पाहिले. त्याच वर्षी अमेरिकेतील सात राज्यांचा पाणीवाटप करार झाला. त्याचा हिशेब जास्त पावसाच्या वर्षांवर बेतलेला होता, आणि ती चूक आजतागायत भोवते आहे. १९३५ मध्ये हूवर आणि १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने नदी अडवली. पूर थांबले, काठाची माती खारावली आणि झाऊ हे परदेशी झुडूप फोफावले. माशीमाराने नाइलाजाने झाऊतही घरटी केली. पण झाऊ हटवण्यासाठी २००१ पासून सोडलेले भुंगे ऐन विणीच्या काळात त्याची पाने फस्त करू लागले, आणि घरट्यांवरची सावली गेली. १९९५ पासूनच संकटग्रस्त यादीत असलेल्या या पक्ष्यावर हा दुसरा आघात होता.

तापमानवाढीचा घाला पुराची वेळ आणि मुळांचा ओलावा या राईच्या मर्मांवरच पडतो. २००० नंतर नदीचा प्रवाह विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे एक-पंचमांश घटला आहे आणि त्यातला मोठा वाटा उष्णतेचा आहे. बर्फ लवकर वितळते, त्यामुळे जिथे नदी अजून मोकळी वाहते तिथेही पूर आणि बी यांची वेळ चुकू शकते. पाणी कमी पडले की शेते आणि शहरे भूजल उपसतात. मुळांखालची पातळी खचली की जुनी झाडेही वाळतात. पक्षी उडून जाऊ शकतात, पण वाळवंटात अशा जागा मोजक्याच आहेत.

२०१४ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांनी ठरवून त्रिभुज प्रदेशात सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडले. नदी काही काळ समुद्राला मिळाली, रोपे उगवली, पक्षी वाढले. मात्र तेव्हा कोरड्या पात्रात बरेचसे पाणी मुरल्याने २०२१ मध्ये पाणी शेतीच्या कालव्यांतून थेट राईच्या पुनर्लागवडीच्या जागांपर्यंत नेण्यात आले, तेही मे ते ऑक्टोबर, म्हणजे झाडांना आणि पिलांना त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा.