डॅनेमोराचा दरवाजा उघडला तेव्हा

न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेपासून जवळच डॅनेमोरा हे गाव आहे. तिथल्या मोठ्या तुरुंगाला जोडूनच एक मनोरुग्णालय होतं. शिक्षा भोगताना ज्या कैद्याचं मन बिघडे, त्याची रवानगी तिथे होई. जॉनी बॅक्स्ट्रॉमला १९५९ मध्ये मारहाणीच्या गुन्ह्यासाठी अडीच ते तीन वर्षांची शिक्षा झाली होती. १९६१ मध्ये त्याला वेडा ठरवून डॅनेमोराला धाडलं गेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिक्षा संपली, पण सुटका झाली नाही.

त्याने आतूनच न्यायालयांकडे अर्ज केले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. २३ फेब्रुवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. इतर नागरिकांना सक्तीने मनोरुग्णालयात ठेवायचं तर त्यांना ज्यूरीपुढे दाद मागता येते. शिक्षा संपलेल्या माणसालाही तोच हक्क आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

निकाल एका माणसाचा होता, पण त्याच्यासारखे शेकडो आत होते. डॅनेमोरा आणि मॅटेवॉन या दोन रुग्णालयांतून ९६७ जणांना साध्या सरकारी मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. ‘धोकादायक’ असा शिक्का त्यांच्या कागदांवर डॉक्टरांनीच मारलेला होता. जिथे ते जाणार होते, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. या माणसांना सांभाळायचं कसं?

पुढे काय झालं, याचा माग हेन्री स्टेडमन आणि जोसेफ कोकोझा या संशोधकांनी चार वर्षं काढला. १९७४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ९६७ पैकी जेमतेम २६ जणांना पुन्हा कडेकोट रुग्णालयात पाठवावं लागलं होतं. निम्म्याच्या आसपास लोक तर घरी, समाजात परतले होते. ज्या ९८ जणांचा बाहेरचा मागोवा त्यांनी बारकाईने घेतला, त्यांतल्या १४ जणांनी हिंसक वर्तन केलं.

चौदा ही संख्या हलकी नव्हे. त्या प्रत्येकामागे मार खाल्लेलं, घाबरलेलं कुणीतरी होतं.

मग हे चौदा आधीच ओळखता आले असते का? वय पन्नाशीच्या आत आणि मागे गंभीर गुन्ह्यांची नोंद, अशी चाळणी लावली तर ९८ पैकी ३६ जण तिच्यात अडकत होते. चौदांपैकी ११ त्यातलेच निघाले. म्हणजे चाळणी अगदीच पोकळ नव्हती. पण तिच्या भरवशावर सगळ्यांना डांबून ठेवलं असतं, तर ११ हल्लेखोरांबरोबर इतर २५ जणही आतच राहिले असते.

इंग्लंडमध्ये याच काळात उलटं घडलं. वडील, बहीण आणि शाळकरी मित्राला विष घालणाऱ्या चौदा वर्षांच्या ग्रॅहम यंगला १९६२ मध्ये ब्रॉडमूरच्या कडेकोट मनोरुग्णालयात पाठवण्यात आलं. गृहमंत्र्यांच्या परवानगीशिवाय १५ वर्षं सोडू नये, असा आदेश होता. तो ‘बरा झाला’ म्हणून १९७१ च्या फेब्रुवारीत बाहेर आला आणि बोव्हिंग्डनच्या एका कारखान्यात कामाला लागला. तो आजारातून उठला आहे, एवढंच मालकाला ठाऊक होतं. आजाराआड विषप्रयोग होते, हे कुणी सांगितलं नाही. सहकाऱ्यांच्या चहात थॅलियम हे विष पडू लागलं. दोघे जण मेले, आणखी काही आजारी पडले.

१९७२ च्या जूनमध्ये यंग दोषी ठरला आणि सरकारला लगेच दोन चौकशा बसवाव्या लागल्या. ॲरव्होल्ड समितीने १९७३ मध्ये सुचवलं, की अवघड रुग्ण सोडण्याआधी एका स्वतंत्र सल्लागार मंडळाने कागद तपासावेत. बटलर समितीने १९७४ च्या अंतरिम अहवालात त्याहून पुढचा विचार मांडला. एकीकडे उंच भिंतींचं ब्रॉडमूर आणि दुसरीकडे उघड्या दारांची साधी मनोरुग्णालयं, या दोहोंमधली सुरक्षित जागाच नव्हती. म्हणून प्रत्येक विभागात मध्यम सुरक्षेचे कक्ष उभारावेत, अशी तिची शिफारस होती.

न्यू यॉर्कमध्ये कडेकोट रुग्णालय आणि मोकळा रस्ता यांच्यामधली एक पायरी निकालाच्या ओघात आपोआपच तयार झाली होती. डॅनेमोराचे ते लोक थेट रस्त्यावर आले नव्हते. आधी ते साध्या वॉर्डात राहिले, परिचारकांच्या नजरेखाली वावरले आणि मग त्यांतले निम्म्याच्या आसपास एकेक करून बाहेर पडले. बोव्हिंग्डनच्या कारखान्यात यंगवर नजर ठेवायला कुणी नव्हतं, आणि सहकाऱ्यांचा चहा त्याच्याच हातून जात होता.