गढी व देवडी (नांदेड-लातूर)

गढी म्हणजे देशमुख किंवा जहागीरदाराचा तटबंदीचा ग्रामीण वाडा. नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावच्या उंचवट्यावर पांढऱ्या मातीचे जाड बुरूज, आत चौकाचा वाडा, धान्याची बळदे आणि आड अशी तिची रचना आढळते. आज अनेक ठिकाणी चिरेबंदी दरवाजा आणि त्यातली पहारेकऱ्यांची देवडी एवढेच उभे दिसते. या ऱ्हासाचे खापर सहसा १९४९ च्या जहागीर निर्मूलनावर फोडले जाते. ते पटण्यासारखे नाही. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, करून महसुलाची वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे सोपवली. देशमुखांच्या हाती फक्त रुसूम, म्हणजे हक्काचा ठरावीक मोबदला, उरला आणि गढीचे प्रयोजन तेव्हापासूनच ओसरू लागले. मातीच्या भिंतींना वरचेवर लिंपण आणि धाब्याला नवी माती लागते. हे काम गावकऱ्यांच्या वेठीवर चाले, आणि या वेठीचा उल्लेख टाळून गढीचा गौरव करणे अन्यायाचे आहे. सत्ता सरली तशी वेठ आटली, डागडुजी थांबली. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने वाडे पाडले, हा आक्षेप औसा-निलंगा परिसरापुरता खरा. भूकंपाच्या केंद्रापासून दूर असलेल्या नांदेडकडच्या गढ्याही खचल्याच. देवडी टिकली ती घडीव दगड आणि चुन्यामुळे. बुरुजांची माती लोकांनी धाब्यांसाठी खणून नेली, म्हणून संरक्षण देवडीइतकेच उरलेल्या उंचवट्यांनाही हवे. गढीचा मूळ आराखडा त्यांच्याखालीच सापडू शकतो.