रिस्टोअर्ड डीव्हीडी हीसुद्धा एक ‘प्रत’च असते : ‘जाने भी दो यारो’च्या निमित्ताने

सिनेमावर पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : ‘सदर चित्रपटाचे प्रत्यक्ष अवलोकन करून विश्लेषण केले जाईल.’ प्रत्यक्ष म्हणजे नेमकं कशाचं? यूट्यूबवर कुणीतरी टाकलेल्या कॉपीचं, जुन्या व्हीसीडीचं, की नव्याने साफसूफ करून आलेल्या डीव्हीडीचं? इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हातात बखर दिली, तर तो आधी विचारतो की ही प्रत कुणी, कधी आणि कशावरून उतरवली. तोच विद्यार्थी डिस्क लावली की हा प्रश्न साफ विसरतो. आज तोच प्रश्न एका विनोदी सिनेमाला विचारून बघू.

सिनेमा आहे कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३ सालचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या पैशातून, सात लाखांच्या आत तयार झालेला. दिग्दर्शक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, कॅमेरा बिनोद प्रधान यांचा, संकलन रेणू सलुजा यांचं. आणि मराठी प्रेक्षकासाठी खास म्हणजे संपादिका शोभा सेनच्या भूमिकेत आपल्या भक्ती बर्वे. पहिल्या प्रदर्शनात तो फारसा चालला नाही; लोकांच्या तोंडी बसला तो पुढे दूरदर्शनमुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एनएफडीसीने त्याची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा थिएटरात आणली आणि त्याच सुमारास ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या मालेत घरी बघण्यासाठी डिस्कही काढली.

डिस्क चांगली आहे, हे आधीच सांगतो. रंग उजळ आहेत, संवाद स्वच्छ ऐकू येतात. वर्षानुवर्षं धुरकट कॉपीवर हा सिनेमा पाहिलेल्याला आपण काय काय ऐकलंच नव्हतं ते कळतं. करमणुकीसाठी घेत असाल तर लेख इथेच सोडला तरी चालेल. संशोधनासाठी घेत असाल तर थोडं थांबा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी केली, हे एम.ए.ला आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. काम १९१९ साली सुरू झालं, १९६६ साली पुरं झालं. हाती आलेल्या पोथ्या एकमेकींशी ताडून बघितल्या, एक पाठ ठरवला आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत ठेवले. महत्त्वाच्या त्या तळटीपा! संपादकाने काय स्वीकारलं आणि काय बाजूला ठेवलं ते वाचकाला दिसतं. सिनेमा दुरुस्त करणाराही हेच करतो. निगेटिव्ह, त्यावरून काढलेली मास्टर प्रत, थिएटरातून परत आलेली प्रिंट, यातलं जे सापडेल ते स्कॅन करतो, ओरखडे पुसतो, रंग ठरवतो. फरक इतकाच, की तळटीपा बहुतेक वेळा देत नाही. डब्यावर ‘रिस्टोअर्ड’ एवढा एक शब्द असतो, आणि तो जाहिरातीचा शब्द आहे. (‘जाने भी दो यारो’चा शेवटचा गोंधळ द्रौपदी वस्त्रहरणाच्या नाटकातच होतो, आणि त्या नाटकाच्या पाठाची जी दैना उडते ती बघून भांडारकरच्या संपादकांना घेरीच आली असती!)

तळटीप नसली तरी काही खुणा आपल्याला वाचता येतात. चित्रावर ठिपके दिसतात का बघा. निगेटिव्हवर बसलेली धूळ पडद्यावर पांढरी दिसते, प्रिंटवरची धूळ काळी. म्हणजे ठिपक्याच्या रंगावरून त्या जागी कुठल्या पिढीची फिल्म खराब झाली होती याचा अंदाज येतो. उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर गोल ठिपका चमकला, तर तो रीळ बदलण्याची खूण. ऑपरेटरने दुसरं प्रोजेक्टर सुरू करावं म्हणून टाकलेली. ती दिसली तर स्कॅन बहुधा थिएटरच्या प्रिंटवरून झालं आहे, असं समजायला हरकत नाही.

लांबीचा मुद्दा तर नीट समजूनच घ्या, व्हायवात विचारतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे १३० मिनिटांचा सिनेमा पाल पद्धतीच्या डिस्कवर साधारण १२५ मिनिटांत संपतो. एक फ्रेमही कापलेली नसते! आवाज तेवढा किंचित चढतो. आता सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते आणि ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पळते. प्रमाणपत्रावर ३५६० मीटर असेल तर सिनेमा १३० मिनिटांचा. हा साधा भागाकार न करता ‘डिस्कमध्ये पाच मिनिटे वगळलेली दिसतात’ असं लिहिलं, तर अख्खं प्रकरण पाण्यात जातं.

आणि खरोखर वगळलेलं असतं तेव्हा? याच सिनेमात अनुपम खेर यांनी ‘डिस्को किलर’ नावाची भूमिका केली होती. सिनेमा फार लांबला म्हणून संकलनात ती संपूर्ण गेली. जय अर्जुन सिंग यांचं या सिनेमावरचं पुस्तक २०१० साली आलं, निर्मितीच्या अशा कहाण्या त्यात वाचायला मिळतात. मग ‘मूळ’ सिनेमा कोणता, शूट झालेला की प्रदर्शित झालेला? माझं मत विचाराल तर इतिहासकारासाठी प्रदर्शित झालेला, कारण लोकांनी तो पाहिला. पण भूमिका का आणि कशी गेली, हा निर्मितीच्या इतिहासाचा वेगळा प्रश्न आहे, आणि डिस्क कितीही स्वच्छ केली तरी ती त्याचं उत्तर देणार नाही.

दुरुस्तीबद्दल माझी सगळ्यात मोठी शंका ग्रेनबद्दल आहे. ग्रेन म्हणजे फिल्मचा तो बारीक रवा. डिजिटल सफाईत तो घाण समजून पुसण्याचा मोह होतो, आणि मग माणसांचे चेहरे मेणासारखे दिसू लागतात. या सिनेमात तर गोष्टच रव्यावर उभी आहे. दोन गरीब फोटोग्राफर बागेत फोटो काढतात, एका फोटोत मागे काहीतरी संशयास्पद दिसतं, ते मोठं करत करत जातात आणि खून सापडतो. आन्तोनियोनी यांच्या १९६६ सालच्या ‘ब्लो-अप’ला केलेला हा उघड सलाम, बागेचं नावही ‘आन्तोनियोनी पार्क’ ठेवलंय. तिथे रवा म्हणजेच पुरावा. कुठलीही दुरुस्त प्रत तपासताना आधी असाच एखादा प्रसंग काढा, चित्र थांबवा आणि शक्य झाल्यास जुन्या कॉपीतल्या त्याच चौकटीशेजारी ठेवून बघा.

परदेशातलं एक उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा नाताळचा हळवा-विनोदी सिनेमा डिसेंबर १९४६ मध्ये आला आणि धंद्यात पडला. १९७४ साली त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. झालं! अमेरिकेतली टीव्ही केंद्रं दर नाताळाला तो फुकटात दाखवू लागली, आणि पडलेला सिनेमा सणाचा भाग झाला. हक्क परत कुणाच्या ताब्यात गेले ते १९९३ साली. मधल्या काळात त्याच्या रंग भरलेल्या आवृत्त्याही निघाल्या. २०१९ साली ४के डिस्क आली तेव्हा कंपनीने निदान एवढं सांगितलं, की मूळ नायट्रेट निगेटिव्ह आणि १९४० च्या दशकातल्या दोन मास्टर प्रती वापरल्या आहेत. म्हणजे साधन कोणतं ते कळलं. तरीसुद्धा ज्या पिढीने नाताळाच्या रात्री घरच्या टीव्हीवर खरखरीत प्रत बघितली, तिच्या आठवणीतला सिनेमा हा नव्हे. आपल्या ‘जाने भी दो यारो’चंही तेच : दूरदर्शनचा सिनेमा वेगळा, २०१२ चा वेगळा.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ, कारण माझ्या मते खरा विषय इथेच पडलेला आहे. हिंदी सिनेमाच्या वितरणात देशाचे जे भाग पाडलेले असत, त्यात आपण ‘सी.पी.-बेरार’ सर्किटात. इंग्रजांचा तो प्रांत गेला, राज्यं बदलली, पण वितरकांच्या वहीत नाव तेच राहिलं. अमरावती हे या धंद्याचं मोठं ठाणं. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालय भुसावळला. दोन्ही गावं रेल्वेच्या हिशोबाने जोडलेली. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर बडनेरा, तिथून अमरावतीचा फाटा जेमतेम दहा किलोमीटरचा. मुंबईहून रेल्वेने अमरावतीकडे जाणारं पार्सल बडनेऱ्यावरूनच वळणार, मग त्यात कापूस गाठींचा हिशोब असो की सिनेमाच्या पेट्या.

प्रिंट आधी मोठ्या गावात लागायची, मग लहान टॉकीजमध्ये, मग तालुक्याला. प्रत्येक मुक्कामी थोडी झिजायची. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून सिमेंटने जोड द्यायचा. रीळाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा भाग सगळ्यात आधी जायचा. म्हणजे मुंबईच्या पहिल्या आठवड्यातला प्रेक्षक आणि सर्किटच्या टोकाचा प्रेक्षक एकाच नावाचा, पण वेगवेगळा सिनेमा बघत होते. निगेटिव्हवरून केलेली चकचकीत डिस्क बघून ‘ऐंशीच्या दशकातील वऱ्हाडी प्रेक्षकाचा अनुभव’ असं प्रकरण लिहायचं म्हणजे, त्या प्रेक्षकाने कधीच न पाहिलेल्या वस्तूवर लिहिणं.

तेव्हा प्रबंधाच्या चित्रपटसूचीत नाव, दिग्दर्शक आणि साल एवढ्यावर थांबू नका. कोणत्या मालेतली डिस्क, कोणत्या वर्षाची, पाल की दुसरी पद्धत, प्रत्यक्ष मोजलेली लांबी किती, हेही लिहा. यूट्यूबची कॉपी असेल तर पाहिल्याची तारीख टाका, कारण ती उद्या तिथे असेलच असं नाही. प्रेक्षकांबद्दल लिहायचं असेल तर स्थानिक दैनिकांतल्या टॉकीजच्या जाहिराती, करमणूक कराची कागदपत्रं आणि माणसं, हा रस्ता धरा. गाइड म्हणतील, डिस्क आहे ना, मग एवढं कशाला? त्यांना वरचा पाच मिनिटांचा हिशोब दाखवा.

माणसांचं काम आधी करा. त्या काळात प्रोजेक्टरवर उभे राहिलेले ऑपरेटर आता बरेच म्हातारे झालेत. भेटले की ‘सिनेमा आवडला होता का’ असं विचारू नका. पेटी स्टेशनवरून कोण आणायचं, रीळ तपासताना जोड किती सापडायचे, कापलेल्या फ्रेम कुठे टाकायचे, हे विचारा.