चिंताविकारावरील औषधे: निवड कशी होते आणि काय विचारावे?

"डॉक्टर, गोळी घेतली की बरं वाटतं, चुकली की पुन्हा धडधड सुरू होते. आता ही आयुष्यभर घ्यायची का?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. याच्या उलट तक्रारही तितकीच येते: "त्या गोळीनं चार दिवसांत उलट जास्तच बेचैनी वाटली, म्हणून मी ती बंद केली."

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. चिंताविकारावरची काही औषधे तासाभरात आराम देतात, पण आजारावरचा कायमचा उपचार ठरत नाहीत. काही औषधे आजार आटोक्यात आणतात, पण त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. आपल्या चिठ्ठीवरची गोळी यांपैकी कोणती, हे प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवे.

औषध सर्वांनाच लागते का?

नाही. परीक्षेआधी किंवा घरातल्या आजारपणात काळजी वाटणे हा आजार नव्हे. सतत आणि आवरता न येणारी काळजी सहा महिने किंवा अधिक काळ टिकली, सोबत झोप बिघडणे, थकवा, चिडचिड, अंग आखडणे असे त्रास असले आणि कामावर परिणाम होऊ लागला, तर त्याला चिंताविकार म्हणतात. अचानक धडधड होऊन जीव जाईल असे वाटणारे झटके, म्हणजे पॅनिक अ‍ॅटॅक, हा त्याचाच एक वेगळा प्रकार.

औषध सुरू करण्यापूर्वी थायरॉईड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांचे विकार, दारू आणि चहा-कॉफीचे प्रमाण तपासले जाते, कारण यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. सौम्य त्रासात सीबीटी ही बोलण्यातून आणि सरावातून केली जाणारी उपचारपद्धत एकटीही पुरेशी ठरू शकते. त्रास जास्त असेल तर औषध आणि सीबीटी दोन्ही मिळून उपयोग होतो.

मुख्य उपचार: हळू काम करणारी औषधे

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही एसएसआरआय गटातील, तर व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन ही एसएनआरआय गटातील औषधे आहेत. पहिली निवड बहुधा यांतूनच होते. ही नैराश्यावरही देतात. त्यामुळे गोळीविषयी वाचून "मला डिप्रेशन नाही, मग ही का दिली?" असा प्रश्न पडू शकतो. चिंताविकारावरही ती गुणकारी आहेत, म्हणून दिलेली असतात.

फरक जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे आणि पुरेसा परिणाम दिसायला ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल, तर काहींना जास्त बेचैनी होते. बहुतेकांमध्ये हे आपोआप कमी होते. म्हणूनच सुरुवात कमी मात्रेने करतात, उदाहरणार्थ एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याभराने १० मिलिग्रॅम. लैंगिक इच्छा किंवा समाधान कमी होणे हा परिणाम मात्र टिकू शकतो. संकोच न करता तो सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते.

या गोळ्यांची नशा होत नाही आणि तल्लफही येत नाही. पण एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, अंगात विजेसारखे झटके जाणवू शकतात.

लगेच आराम देणाऱ्या गोळ्या

अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या आहेत. अर्ध्या-एक तासात मन शांत होते, म्हणून त्या हव्याहव्याशा वाटतात. मुख्य औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंत, शक्यतो २ ते ४ आठवडे, त्यांचा उपयोग करणे योग्य. अधिक काळ रोज घेतल्यास शरीराला सवय होते. गोळीचा अंमल उतरला की धडधड आणि थरथर वाढते, आणि आजारच परतला असे वाटून रुग्ण पुढची गोळी घेतो. सुरुवातीच्या प्रश्नातली धडधड पुष्कळदा अशी असते.

या गोळ्यांनी गुंगी येते, विसरभोळेपणा वाढतो, वृद्धांचा तोल जाऊन हाड मोडू शकते. दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीवाला धोका होऊ शकतो. गाडी चालवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. अल्प्राझोलॅम आणि डायझेपॅम ही आपल्याकडे 'शेड्यूल एच १' मधील औषधे आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

तुम्ही ही गोळी अनेक महिने घेत असाल, तर हा लेख वाचून ती आजच बंद करू नका. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते. मात्रा आठवड्यांगणिक थोडी थोडी कमी करतात.

आणखी एक गोष्ट: एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. एक औषध वर्षभर चालू ठेवायचे आणि दुसरे महिन्याभरात थांबवायचे असेल, तर अशा गोळीने ते जमत नाही. पाकिटावर औषधांची दोन नावे दिसली तर डॉक्टरांना विचारा.

इतर पर्याय

बस्पिरोन: सवय लागत नाही, पण परिणामाला काही आठवडे लागतात आणि रोज घ्यावे लागते.

प्रोप्रॅनोलॉल: भाषण किंवा मुलाखतीपूर्वीची थरथर, धडधड कमी करते. रोजच्या काळजीवरचा हा उपचार नव्हे. दमा असलेल्यांनी घेऊ नये. मधुमेहात साखर उतरल्याची लक्षणे यामुळे झाकली जाऊ शकतात.

प्रीगाबालिन: काहींना उपयोगी पडते, मात्र गुंगी, पायांवर सूज, वजनवाढ आणि सवय लागण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते.

डॉक्टरांना हे आवर्जून सांगा

१. गर्भधारणा, तिचा विचार किंवा स्तनपान. गरोदर असल्याचे कळले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. आधी सल्ला घ्या.
२. दारूचे प्रमाण, खरे तेवढे.
३. वेदनाशामक, रक्त पातळ करणारी, अर्धशिशीची आणि आयुर्वेदिक औषधेही.
४. पूर्वी कधी झोप न घेताही अतिउत्साह, अवास्तव खर्च असे दिवस आले होते का, किंवा घरात कोणाला बायपोलर आजार आहे का.
५. आधी कोणत्या गोळीचा उपयोग झाला किंवा त्रास झाला.
६. वय ६५ च्या पुढे असेल तर पडण्याचा आणि रक्तातील सोडियम कमी होण्याचा पूर्वेतिहास.

किती दिवस?

बरे वाटू लागल्यावरही मुख्य औषध साधारण ६ ते १२ महिने चालू ठेवतात. लवकर सोडल्यास त्रास परतण्याची शक्यता वाढते. त्यानंतर हळूहळू मात्रा कमी करता येते. पुरेशी मात्रा पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर दुसरे औषध निवडतात. एक गोळी लागू पडली नाही म्हणजे उपाय संपले असे नाही.

घरच्यांनी लक्ष ठेवावे

२५ वर्षांखालील रुग्णांमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, हे पाहावे. तसे वाटल्यास रुग्णाला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. 'टेलिमानस' या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

पुढच्या भेटीत तीन प्रश्न लिहून न्या: ही गोळी लगेच आरामासाठी आहे की मुख्य उपचारासाठी? परिणाम केव्हा दिसेल? ती थांबवायची केव्हा आणि कशी? या तिन्हींची उत्तरे घेऊनच घरी या.