ट्रेलरवर गेलेला ट्रक

आलापल्लीच्या सागाचा इतिहास शोधायचा तर वनखात्याचे दप्तर पाहा, असे कोणीही सांगेल. आम्हांला त्यातला थोडासा आमच्या अब्बांच्या ट्रकमध्ये सापडला, तोही ट्रक भंगारात द्यायच्या दिवशी.

तो टाटा १२१०. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ साली संपला, तरी आमच्याकडची जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे त्या गाडीला ‘मर्सडीज’च म्हणत. अब्बांनी ती १९७८ साली जुनीच घेतली. आलापल्लीहून आष्टीला, वैनगंगा ओलांडून गोंडपिपरीमार्गे बल्लारशाहच्या डेपोत लाकूड टाकायचे. पावसाळ्यात जंगलातली कामे बंद, नाले तुडुंब. ते चार महिने गाडी दारात आणि घर उधारीवर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा झाला. अब्बांच्या लेखी फरक एवढाच, की एका फेरीत दोन जिल्हे लागू लागले.

१९९८ पासून गाडी अंगणात उभी होती. अब्बा गेले, तरी अम्मी तिला हात लावू देईना. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत. शेवटी २०२२ साली घराची भिंत बांधायची निघाली आणि अम्मी एवढेच म्हणाली, ‘‘न्या. पण मी आत असताना न्या.’’

न्यायची कशी? टायर कुजलेले, ब्रेकड्रम गंजून चाकांना घट्ट बसलेले. ओढून नेणे शक्यच नव्हते, ट्रेलर हवा. त्याचे भाडे भंगाराच्या किमतीत बसेना. शिवाय आतल्या रस्त्यांवर गाडी पाठवायची म्हटली की मालक विचारात पडतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला लोहखनिजाच्या वाहतुकीची ७० हून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने पेटवली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक ठार झाले. मेलेल्या माणसांची नावे निदान छापून येतात. जळालेला ट्रक ज्याने कर्ज काढून घेतला असेल, त्याची मोजदाद कोण ठेवतो?

अखेर अब्बांच्या एका जुन्या शागिर्दाने वाट काढली. रस्त्याच्या कामावर पोकलेन उतरवून एक ट्रेलर रिकामा परतणार होता. मालकाने तो उसना दिला. डिझेल आमचे, भाडे नाही. ‘‘उस्तादची गाडी आहे,’’ एवढेच कारण. (उस्ताद फारसीतून आला, मिस्त्री पोर्तुगीजांकडून, आमच्या गॅरेजात दोघेही एकाच पान्याने काम करतात.) लाकडी ओंडक्यांचा उतार रचला, चेनकुप्पी लावली आणि चार तासांत गाडी वर चढली. चाके फिरलीच नाहीत, घसटत गेली.

दोर आवळताना सीटखाली पत्र्याची पेटी हाताला लागली. भंगारवाल्याने ती गाडीबरोबरच तोलली असती. आत लाकूड वाहतुकीचे परवाने होते, वाळवीने कडा खाल्लेले. प्रत्येकावर गावाचे नाव, नगांची संख्या, घनमीटर, तारीख, नाक्याचा शिक्का. पहिल्या गठ्ठ्यात आलापल्लीजवळचीच गावे होती, शेवटच्यात पार भामरागडच्या बाजूची. लाकूड दरवर्षी किती दूर जाऊन आणावे लागे, ते तारखा जुळवल्या की दिसते. मागे अब्बांच्या अक्षरात, उर्दूत, डिझेलचा हिशेब. आमच्यापैकी उर्दू वाचता येते ती एकट्या अम्मीला.

पेटी आम्ही काढून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आम्ही २४ वर्षे उशिरा कळवायला निघालो होतो. ट्रेलर आष्टीच्या पुलावर पोचला, तेव्हा अम्मीचा फोन आला. ती एक परवाना उलटा करून वाचत होती. म्हणाली, १९८३ च्या मार्चात गोंडपिपरीला पंक्चर काढल्याचे लिहिले आहे, आणि त्याच फेरीत माझ्यासाठी बांगड्या आणल्याचेही. कितीला, ते मात्र सांगेना.